चरख्यावरची आगगाडी

वच्छाबाईंना राग आला की त्या आधी हातातलं काम पुरं करत. मेथीची जुडी बांधत असल्या तर जुडी बांधून होई, सुईत दोरा ओवत असल्या तर दोरा ओवून होई, आणि तोवर ज्याच्यावर राग आला तो माणूस समोर उभा. "थांब बे, पळू नको. एवढी गाठ मारतो, मंग तुयाशी भांडतो," असं त्या बजावत. पुष्कळ माणसं तेवढ्यात निघून जात. जी थांबत त्यांची मला कीव येई.

त्या माझ्या नणंद. आमच्या ह्यांच्याहून मोठ्या आणि भासऱ्यांहून, म्हणजे थोरल्या दिरांहून, नामदेवरावांहून, लहान. मी लग्न होऊन उंद्रीला आले तेव्हा त्या माहेरीच होत्या. जलंबला दिल्या होत्या, पण नवऱ्याने दुसरी आणली आणि ह्यांना मागच्या खोलीत टाकलं. भासरे स्वतः जाऊन त्यांना घेऊन आले. हे त्यांचं चांगलं काम मी विसरत नाही. पुढचं लिहायचं आहे म्हणून हेही लिहून ठेवते.

जलंबच्या त्या मागच्या खोलीला एक खिडकी होती आणि खिडकीतून स्टेशन दिसे. खामगावची छोटी गाडी तिथे येऊन थांबते. इंजिन सुटतं, बाजूच्या रुळावरून डब्यांना वळसा घालून दुसऱ्या टोकाला येतं, जोडलं जातं आणि गाडी आल्या वाटेने परत जाते. वच्छाबाई हे रोज बघत. "सासरहून बाकीच्या बाया लुगडे घेऊन येते, मी गाडी घेऊन आली," असं त्या म्हणत आणि स्वतःच मोठ्याने हसत. आपलं दुःख दुसऱ्याने कुरवाळायला घेतलेलं त्यांना खपत नसे. कुणी "बिचारी" म्हटलं की लगेच, "बिचारी तुई माय!"

ती गाडी त्यांनी आमच्या मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, फळीवर उभी केली होती. आमच्याकडे भाजीचा मळा, त्यामुळे मोडक्या टोपल्यांना तोटा नव्हता. टोपलीच्या कामट्या सोलून त्यांनी रूळ केले आणि बाभळीच्या काट्यांनी फळीवर ठोकले. शिंप्याकडच्या रिकाम्या रिळांची चाकं, चहाच्या पुड्यांच्या पुठ्ठ्याचे डबे, दंतमंजनाच्या गोल डब्याचं इंजिन. आणि हे सगळं चाले सासूबाईंच्या चरख्यावर. मेण लावलेला काळा दोरा चरख्यावरून निघे, फळीच्या पार टोकाच्या खिळ्याला वळसा घालून परत चरख्याशी येई. म्हणजे दोऱ्याची एक बाजू कायम जाणारी आणि एक कायम येणारी. इंजिनाच्या पोटातला आकडा जाणाऱ्या बाजूला अडकवला की गाडी खामगावला जाई. तिथे इंजिन सोडायचं, केसातल्या आकड्याने सांधा बदलायचा, इंजिन बाजूच्या रुळावर घेऊन येणाऱ्या दोऱ्याला लावायचं, की ते डब्यांच्या शेजारून सरकत पुढच्या टोकाला येई. चरखा एकाच दिशेने फिरायचा आणि गाडी दोन्ही दिशांना धावायची. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या हातातलं सूप खाली पडलं होतं.

"काय वं, घाबरली काय? सूप उचल. गाडी अंगावर नाही येत."

भासरे त्या सपरीत फारसे येत नसत. आले तर म्हणत, "वच्छे, अवं वय काय तुयं! पोट्टे हसतीन." त्यावर बाई चरखा न थांबवता म्हणत, "हसू दे. रडण्यापेक्षा बरं."

आम्ही या गाडीवर लेख लिहिला त्याचं असं झालं. दुकानातून गूळ आला तो एका मासिकाच्या पानात बांधून. पुण्याहून निघणारं छंदांचं मासिक होतं ते, आणि पानावर एका गृहस्थाने आपल्या घरच्या लहान आगगाडीबद्दल लिहिलं होतं. टेबलावर रूळ, विजेवर चालणारं इंजिन, कुठून कुठून मागवलेली चाकं. मी चौथी शिकलेली, घरात वाचायला दुसरं काही नाही, म्हणून पुड्यांची पानं वाचायची मला सवय. मी बाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या ऐकत होत्या आणि त्यांच्या नाकपुड्या फुगत चालल्या होत्या.

"म्हंजे असे लोक हाये? आणखी हाये?"

"असतील. खाली लिहिलंय, वाचकांनी आपलेही लेख पाठवावेत."

बाईंनी गूळ डब्यात भरला, डब्याचं झाकण लावलं, हात पुसले. "मंग लिही. त्या माणसाले वीज लागते. आपली बिनविजेची हाये. लिही."

मला त्या वेळी किती भीती वाटली ते सांगून कळणार नाही. परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं तरी माझी जीभ टाळूला चिकटते. पण बाईंपुढे 'नाही' म्हणणं त्याहून अवघड. दुपारची भांडी झाली की आम्ही सपरीत बसायचो. बाई सांगायच्या, मी लिहायची. त्यांची बोली मी शाळेत शिकलेल्या भाषेत बदलून लिहायची आणि वाचून दाखवायची. मग बाई सगळा दोरा काढून टाकत, सांधा खिळखिळा करत, इंजिन बाजूला ठेवत आणि म्हणत, "आता तू लाव. माह्याकडे पाहू नको. कागदात पाह्य अन् तसंच कर."

मी कागदात बघून लावायला जायची आणि अडकायची.

"अडकली ना? जिथं तुया हात अडते तिथं आपलं लिवणं खोटं. खोड ते."

असं किती वेळा खोडलं असेल देव जाणे. कधी कधी मला रडू यायचं. पण शेवटी एक दिवस असा आला की मी नुसतं वाचत गेले, हात करत गेला आणि गाडी जाऊन परत आली. एकदाही अडली नाही. बाईंनी उठून माझ्यासाठी चहा केला. नणंदेने भावजयीसाठी केलेला चहा. आमच्या घरात हे कधी झालं नव्हतं.

लेख गेला. पत्ता भासऱ्यांचा, कारण घराचं टपाल त्यांच्याच नावाने येतं. त्यामुळे उत्तराचं पत्रही त्यांनीच फोडलं. जेवताना त्यांनी विषय काढला. मी पोळ्या लाटत होते, डोक्यावरून पदर घेऊन, त्यांच्याकडे पाठ करून.

"वच्छे, तुयं ते लिवणं छापतो म्हणते पुण्यावाले. पूर्ण नाव मागतलं हाये. कोणतं लावू?"

बाईंचा आनंद मला पाठमोरी असून कळला. त्यांच्या बांगड्या वाजल्या. "मायं."

"तुयं म्हंजे कोणतं? जलंबचं लावलं तं तो माणूस म्हणन, माई बायको हाये. आपलं लावलं तं लोक म्हणतीन, हिची सोडचिठ्ठी कवा झाली?"

"वच्छला लाव. नुसतं वच्छला. उंद्री."

"नुसतं नाव तमाशातल्या बाईचं असते."

"मंग पुण्यावाल्यायले काय करायचं माह्या नवऱ्याशी? त्यायनं गाडीचं मागतलं, सोयरिकीचं नाही."

भासरे हसले. ते वाईट हसले नव्हते. "बरं, मी पाह्यतो काय करायचं ते," म्हणून त्यांनी ताक मागितलं.

त्यांनी पाहिलं. अंक आला तेव्हा आम्ही दोघी मेथीच्या जुड्या बांधत होतो. मी पान उलगडलं. वर मथळा, मी काढलेलं चित्र पुन्हा सुबक करून छापलेलं, आणि खाली माझीच वाक्यं, एकही शब्द न बदलता. माझ्या डोळ्यांपुढे अक्षरं नाचायला लागली.

"नाव वाच," बाई म्हणाल्या.

मी पान पुन्हा दुमडायला लागले.

"कुसुम, नाव वाच वं."

"श्री. नामदेवराव, उंद्री."

बाईंच्या हातात जुडी होती. त्यांनी तिच्याभोवती दोरीचा वेढा घेतला, गाठ मारली, दात लावून दोरी तोडली, जुडी ढिगावर ठेवली. मग उठल्या. ओसरीवरचा आवाज मला आत ऐकू येत होता.

"दादा, हे काय हाये?"

"आला ना छापून! झालं तुयं काम."

"कोणाचा आला?"

"अवं घरातल्याचाच हाये ना! बाहेरच्याचं नाव लावलं काय म्या?"

"तुले ते इंजिन सीधं धरता येते काय रे?"

"तुयासाठीच केलं वं! उद्या जलंबवाले हे मासिक घेऊन पंचायतीत उभे राह्यले तं? म्हणतीन, हिले नांदाले सांगा तं हे खेळ खेळून राह्यली. सोडचिठ्ठी देतीन मंग ते?"

"मले इचारलं असतं."

"इचारलं असतं तं तू ऐकली असती?"

बाई आत निघून आल्या. त्या प्रश्नाचाच मला फार राग येतो. कारण ते खरं होतं. त्या ऐकणार नव्हत्या. म्हणूनच तर विचारायचं असतं. जो 'हो' म्हणणार असतो त्यालाच विचारायचं, तर विचारणं कशाला म्हणायचं?

इथवर असतं तरी मी गिळलं असतं. पण गावात बातमी पसरली. ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली होती आणि भासरे उभे राहणार होते. शाळेच्या गुरुजींनी सत्काराचं काढलं. पुण्याच्या मासिकात उंद्रीचं नाव आलं, नामदेवरावांनी सर्वांना गाडी चालवून दाखवावी, असं ठरलं. भासऱ्यांना नाही म्हणता आलं असतं. ते म्हणाले नाहीत. फळी, चरखा, गाडी, सगळं उचलून शाळेच्या ओट्यावर गेलं.

बाई घरी राहतील असं मला वाटलं होतं. त्या ठेवणीतलं पातळ नेसून आल्या आणि बायकांत सगळ्यांत पुढे बसल्या. मला जवळ ओढून कानात म्हणाल्या, "आता पाह्यजो मज्जा. सांध्यावर अडते तो. अख्ख्या गावासमोर अडते."

मीही मनातून देवाला म्हणत होते की, अडू दे.

भासरे चरख्यापाशी बसले. त्यांनी गाडीला जन्मात हात लावलेला नव्हता. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "नामदेवराव, शेगावले जाते काय हो? एक टिकिट द्या!" सगळे हसले. भासऱ्यांनी मासिक उघडून मांडीवर ठेवलं, ओळीवर बोट ठेवलं आणि वाचून वाचून करायला लागले. दोऱ्याला मेण आहे का पाहावे. आकडा उजव्या दोऱ्यास अडकवावा. चरखा सावकाश फिरवावा. गाडी निघाली. खामगावला पोचली. इंजिनाचा आकडा सोडावा. केसांच्या आकड्याने सांधा आपल्याकडे ओढावा. 'आपल्याकडे' हा शब्द मी तिसऱ्यांदा खोडून घातला होता, कारण आधी 'डावीकडे' लिहिलं होतं आणि माझा हात तिथे अडला होता. भासऱ्यांनी सांधा आपल्याकडे ओढला. इंजिन बाजूच्या रुळावर गेलं, डब्यांच्या शेजारून सरकलं, पुढे आलं, जोडलं गेलं. गाडी परत आली.

कुठेही अडली नाही. टाळ्या पडल्या. गुरुजींनी हार घातला. सरपंच म्हणाले, "ज्यानं केली त्यालेच अशी चालवता येते!"

घरी येताना बाई म्हणाल्या, "कुसुम, आपण लेख लय चांगला लिवला वं." आणि वाटेतला एक दगड त्यांनी असा लाथाडला की त्यांच्या अंगठ्याचं नख निघालं.

अंगठा बरा झाल्यावर त्यांनी दुसरं काम काढलं. जलंबच्या यार्डाचं. मालगाडीचे डबे एका रुळावरून दुसऱ्या रुळावर कसे वाटतात ते, सहा सांध्यांचं. आधीपेक्षा कितीतरी अवघड. तोही लेख आम्ही तसाच खोडून खोडून लिहिला. शेवटी नावाची वेळ आली तेव्हा त्या म्हणाल्या, "दोघींचं घाल. वच्छला अन् कुसुम, उंद्री. लिवणारी तू हाये." मला लाज वाटली, पण घातलं. उत्तर माझ्या मामांच्या पत्त्यावर चिखलीला मागवलं.

उत्तर आलं. मासिकवाल्यांनी सभ्य भाषेत लिहिलं होतं की, चरख्यावर चालणाऱ्या आगगाडीची ही कल्पना आपल्याच गावचे श्री. नामदेवराव यांची असून ती आमच्या अंकात पूर्वीच प्रसिद्ध झाली आहे. भाषादेखील त्यांच्याच वळणाची दिसते. भगिनींनी अनुकरण न करता स्वतःच्या अनुभवाचे लिहावे, म्हणजे विचार करता येईल.

त्या गृहस्थांचा दोष किती, हे मला ठरवता येत नाही. त्यांना जे नाव कळवलं ते त्यांनी खरं मानलं. पण 'स्वतःच्या अनुभवाचे' हे शब्द आठवले की अजून माझ्या कानशिलांवर आग होते. जलंबच्या त्या खिडकीशी कोण बसलं होतं, मासिकवाले की भासरे?

भासरे तोवर निवडून आले होते. बाईंनी त्यांच्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं आणि उभ्या राहिल्या. "दादा, एक कार्ड लिही पुण्याले. लिही का, गाडी बहिणीची हाये, नाव चुकून मायं पडलं. बस. बाकी काही नको."

"आता? आता मी मेंबर हाये वच्छे. मी लिवलं तं मी खोटा ठरतो."

"तू नाही लिवलं तं मी खोटी ठरून राह्यली."

"तुले कोण वळखते पुण्यात?"

बाईंनी त्यांच्या ताटात भाजी वाढली, भाकरी वाढली, मिरची वाढली. सगळं वाढून झाल्यावर म्हणाल्या, "जेव. हे तुले शेवटचं वाढलं." दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या एसटीने त्या खामगावला गेल्या आणि एका जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायच्या कामाला लागल्या. आमच्या ह्यांनी थांबवलं नाही. हे भावासमोर कधी बोलले नाहीत, आणि बहिणीसाठीही बोलले नाहीत. तो राग वेगळा आहे, तो मी ह्यांच्या ताटात रोज थोडा थोडा वाढते.

बाजाराच्या दिवशी ह्यांच्याबरोबर भाजी घेऊन गेले की मी बाईंना भेटून यायची. खोलीत त्यांनी गाडी मांडली नव्हती. मी विचारलं, तर म्हणाल्या, "इथं खरी हाये ना. रोज जाऊन पाह्यतो. पण हे रेल्वेचे लोक इंजिन लय आळसानं जोडते वं. पाहून हात शिवशिवते."

मग त्यांना कावीळ झाली. दवाखान्यात मी जवळ राहिले. भासरे रोज एसटीने येत, मोसंबी आणत, डॉक्टरांशी बोलत, उशाशी बसून पंखा हलवत. त्यांची माया खोटी होती असं मी म्हणणार नाही. म्हणता आलं असतं तर सोपं गेलं असतं.

"दादा, मोसंबी नको. कार्ड आण," बाई म्हणाल्या.

"कसलं वं?"

"तुले ठाव हाये कसलं."

त्यांनी आणलं. पोस्टातून कोरं कार्ड आणून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. खिशातून त्याची कड दिसत होती. बाईंची नजर त्या कडेवरून हलत नव्हती.

"लिही."

"लिवतो ना. असं घाईनं नाही लिवता येत. पुण्याच्या माणसाले लिवायचं, चार शब्द नीट पाह्यजे."

"शब्द कुसुम सांगते. तू नुसता हात चालव."

"उद्या लिवतो. चष्मा घरी राह्यला."

दुसऱ्या दिवशी चष्मा होता, तर डॉक्टर यायची वेळ झाली होती. त्यानंतरच्या दिवशी ते म्हणाले, "तू बरी हो, मंग आपण दोघं मिळून लिवू." बाईंनी भिंतीकडे तोंड केलं. "कुसुम, याले म्हण, जाय आता. एसटी चुकन." त्या त्याच दुपारी गेल्या.

उंद्रीला आणून सगळं झालं. दुसऱ्या दिवशी माणसं अंगणात बसली होती. मी दारात पाण्याची कळशी घेऊन उभी होते. लोणारच्या आत्याबाईंना कळवायचं राहिलं होतं. भासऱ्यांनी खिशात हात घातला आणि तेच पुण्याचं कोरं कार्ड काढलं. चष्मा लावला. मांडीवर पाटी घेतली आणि कुणाला एक शब्द न विचारता, न अडता, सुरेख अक्षरात लिहिलं, 'आपली वच्छला काल वारली.' मग रीतीप्रमाणे कार्डाचा एक कोपरा फाडला, म्हणजे हातात पडताच कळावं, आणि एका माणसाला टपालात टाकायला पाठवलं.

मरणाचं कार्ड घरात ठेवत नाहीत. वाचलं की फाडून उंबऱ्याबाहेर टाकतात. आत्याबाईंनीही तसंच केलं.